बाईंच्या पायाचं माप

पाडवा झाला की आमच्या गल्लीतल्या उन्हाला चामड्याचा वास येतो. पत्र्यांवर चपलांचे तळ वाळत पडलेले असतात, भिजवलेल्या चामड्यातला हिरड्याचा तुरटपणा उंबऱ्यापर्यंत येऊन बसतो आणि सकाळी आठपासून घराघरांतून ठोकण्याचा आवाज सुरू होतो. पावसाळ्यात आमचं काम जवळजवळ बंद. चामड्याला बुरशी धरते, आणि चिखलात कोल्हापुरी घालून कोण फिरणार? म्हणून होळीपासून मृगापर्यंत जेवढं हातून होईल तेवढं करून घ्यायचं. पुरुष आत बसून रापीनं तळ कापतात. बायका उंबऱ्यात बसून वेण्या घालतात. चामड्याच्या बारीक वाद्यांचं टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं आणि दोन्ही हातांनी विणत जायचं. मी चौथीची परीक्षा दिली त्या सुट्टीत माझ्या अंगठ्यात पहिली वादी आली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा ती काढायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

दरवर्षी हा वास आला की मला बरं वाटतं. ह्या वर्षी आला आणि माझं डोकं तापलं. अजून उतरलेलं नाही.

कारण आमचे चेअरमन. आमच्या चप्पल कारागिरांच्या सोसायटीचे चेअरमन वीस-बावीस वर्षं हेच आहेत, फक्त आता केस रंगवतात. मागच्या आठवड्यात राजारामपुरीतल्या ऑफिसातून गाडीवर आले, माझ्या अंगावरून आत गेले आणि माझ्या मालकांसमोर, म्हणजे नवऱ्यासमोर, बसले.

"बापू, दिल्लीचं मोठं पावणं येतंय. बायकूसंगट. दोन जोड पाहिजेत, तुमच्या हातचं. साहेबांचं माप ह्ये घ्या." त्यांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. त्यावर पेन्सिलीनं आखलेला पुरुषाचा पाय होता.

"आणि बाईंचं?" मी उंबऱ्यातून विचारलं.

ते माझ्याकडे वळले नाहीत. मालकांनाच म्हणाले, "बायकांचं काय माप घेऊन बसायचं? सात नंबर करा, बसतंय. फकस्त गेल्या येळंसारखं नगो हं बापू. बाईच्या चपलंला आवाज नगो." आणि हसत निघून गेले.

गेल्या वेळेसारखं.

ती गेली वेळ माझ्याकडे बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात आहे. चपला गुंडाळायला आमच्याकडे रद्दी येते. गुंडाळायच्या आधी मी ती वाचते. चौथीपर्यंतचं वाचन मी असंच टिकवलं. वाचता वाचता मला एक खोड लागली. मोठ्या पुढाऱ्यांच्या बायकांचे फोटो मी कापून ठेवायला लागले. पंतप्रधानांची बायको, राष्ट्रपतींची बायको, कुठल्याकुठल्या देशांच्या प्रमुखांच्या बायका. पुढाऱ्यांचं मला कधी कौतुक वाटलं नाही, त्यांचं करायला पुष्कळ लोक आहेत. मला ह्या बायकांचं वाटायचं. केवढ्या गर्दीत त्या जातात, केवढे लोक त्यांच्याकडे बघतात, आणि त्या तोंडावरची सुरकुती हलू न देता तासन् तास उभ्या असतात! मला तर दुकानदारासमोर उभं राहिलं तरी घाम फुटतो.

माणसांचे चेहरे माझ्या नीट लक्षात राहत नाहीत. पाय राहतात. धंद्याचा दोष. त्या डब्यातल्या सगळ्या बायका मी पायांवरून ओळखते. विमानाच्या शिडीवरून उतरणारी एक परदेशी बाई आहे, तिच्या टाचा इतक्या उंच की सगळा भार चवड्यावर, मला बघूनच कळ यायची. एक म्हाताऱ्या बाई आहेत, मोठ्या खुर्चीत बसलेल्या, पाय जमिनीला टेकत नाहीत. केवढं ते सरकारी घर, पण त्यात त्यांच्या पायाखाली ठेवायला एक पाट नव्हता? आणि एक आहे जिच्या सँडलचा पट्टा तुटलाय आणि तिनं तो टाचणीनं अडकवलाय. शेजारी नवरा हार घालून घेतोय. तो एवढ्या मोठ्या देशाचा कारभार बघतो, आणि शेजारच्या पायातला पट्टा त्याला दिसला नाही.

चौथीच्या पुस्तकात आम्हाला एका थोर माणसाचा धडा होता. तो किती वेळा तुरुंगात गेला ते आम्ही पाठ केलं होतं. मला वर्गातल्या बाईंना विचारायचं होतं, तो तुरुंगात असताना त्याच्या घरातली चूल कोण पेटवत होतं? पोरांना कोण सांभाळत होतं, दारात पोलीस आले की पुढं कोण जात होतं? हात अर्धा वर गेला होता. मी तो खाली घेतला. तो अर्धा हात मला आजही आठवतो आणि माझाच मला राग येतो.

बावीस वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात जे पुढारी कोल्हापुरात येणार होते त्यांच्या बायकोचे माझ्याकडे सर्वांत जास्त फोटो होते. सात. ती मला आवडायची त्याला एक बातमी कारण होती. कुठल्याशा गावी नवरा दवाखान्याचं उद्घाटन करायला गेला. त्याचं भाषण चालू असताना ही उठून आत बायकांच्या खोल्यांकडे गेली, आणि बघते तर नळाला पाणी नाही. परत आली आणि व्यासपीठावर त्याच्या कानाशी वाकली. लगेच त्यानं भाषणातच जाहीर केलं की आठ दिवसांत पाण्याची सोय होईल. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बातमीत लिहिलं होतं, साहेबांनी तत्परतेनं घोषणा केली. फोटोत मात्र ती वाकलेली दिसत होती. मी तो फोटो कितीदा पाहिला असेल! हिच्या एका शब्दानं गावाला पाणी मिळालं. मग माझा जीव चडफडायचा. अगं बाई, समोर माईक होता की. कानात कशाला सांगितलंस?

तेव्हाही चेअरमननी एकच कागद आणला होता. साहेबांचा पाय, दिल्लीहून आखून आलेला. बाईंचा नव्हता. मालकांनी तेव्हा विचारलं, कारण मालक कारागीर म्हणून पक्के आहेत, मापाशिवाय त्यांचा हात चालत नाही.

चेअरमननी दुसऱ्या दिवशी पिशवीतून एक जुनी चप्पल पाठवली. सोबत निरोप. आमच्या घरच्यांची हाय, ह्या मापानं करा, बायकांचे पाय काय येगयेगळे असत्यात व्हय?

ती चप्पल पाच नंबरची होती. चेअरमनची बायको ठेंगणी, पाय लहान मुलीसारखा. मी पिशवी हातात धरून उभी राहिले आणि डब्यातले सात फोटो माझ्या डोळ्यांपुढं आले. दिल्लीची ती बाई उंच होती. तिचा पाय लांब आणि रुंद होता, आणि डाव्या अंगठ्याच्या मुळाशी हाड वाढलेलं होतं, म्हणून ती डाव्या पायातली चप्पल कायम सैल घालायची. प्रत्येक फोटोत डावा पट्टा लोंबता. हे मला कोल्हापुरात उंबऱ्यात बसून कळत होतं.

मी मालकांना सांगितलं, "अवो, ही चप्पल त्यांच्या अर्ध्या पायात बी जायची न्हाय."

"तुला कुणी सांगितलं? तू गेलतीस व्हय दिल्लीला?"

"फोटोत दिसतंय की."

"फोटोत!" ते हसले. "चेअरमननी सांगितलंय तसं करायचं. आपल्याला काय करायचंय?"

त्यांनी दोन्ही तळ कापले. साहेबांचा मोठा, बाईंचा पाच नंबरचा. साहेबांच्या तळात विंचू बसवला. बाहेरच्यांना हे माहीत नसतं म्हणून लिहिते. विंचू हे एका रानझाडाचं बी आहे. तळाच्या दोन थरांमध्ये ते बसवलं की चालताना चप्पल करकर वाजते. पाटील, सरपंच, पैलवान यांना अशीच लागते. माणूस गल्लीच्या टोकाला असतो तेव्हाच कळतं, कुणीतरी येतंय. बाईच्या चपलेत विंचू घालत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही. सांगायची गरजच कुणाला वाटत नाही. बाईच्या हातात रापी देत नाहीत, तसंच ते.

मग दोन्ही जोड पुरे करून, खोक्यात घालून मालक तीन दिवस निपाणीकडे चामडं आणायला गेले. जाताना कागलला बहिणीकडेही थांबणार होते. पहिल्या दिवशी मी नुसती वेण्या घालत बसले. दुसऱ्या दिवशी डबा काढला. एका फोटोत ती दोघं देवळाच्या एकाच पायरीवर उभी होती, पाय शेजारी शेजारी. त्याचा खरा पाय किती, ते मला कागदावरून माहीत होतं. मी दोरा घेतला. फोटोतला त्याचा पाय मोजला, तिचा मोजला, आणि दोऱ्यावर गाठी मारून हिशेब बसवला. आठ नंबर. डावा अंगठ्याशी एक दोरा सैल.

आयुष्यात पहिल्यांदा रापी हातात घेतली. इतकी वर्षं बघून बघून डोळ्यांना सगळं पाठ होतं. फक्त हाताला ते माहीत नव्हतं. दोन तळ वाया गेले. ते मी चुलीत घातले. तिसरा जमला. चौथा तर असा निघाला की मी तो पदरानं पुसून बराच वेळ बघत बसले. मऊ चामड्याची बारीक वेणी घातली, मध्ये लाल गोंडा. शेवटी तळ शिवायच्या आधी मी डबीतून विंचवाचं बी घेतलं. घेताना मनात काय होतं ते मला अजून स्वच्छ आठवतं. कानाशी वाकणारी ती बाई चालत येईल तेव्हा ऐकू आली पाहिजे.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी जीप दारात आली तेव्हा मालकांनी खोकं उघडलं. पाच नंबरच्या जागी आठ नंबर. त्यांनी चप्पल उलटी केली, कडेनं बोट फिरवलं.

"तळ कुणी काढला?"

"मी."

त्यांनी तळ वाकवला. करकर आवाज झाला. त्यांचं तोंड पडलं. "ह्यात इच्चू घातलास? बाईमाणसाच्या? आब्रू घालवतीस आज."

बाहेर जीपचा हॉर्न वाजत होता. पाच नंबरचा जोड मी कुठं ठेवलाय ते मी सांगितलं नाही. त्यांनी खोकं बंद केलं.

मैदानावर मांडव होता. कारागिरांना वर बोलावलं होतं, कारागिरांच्या बायका दोरीच्या मागं. भाषणं झाली. चेअरमननी साहेबांना जोड दिला, त्यांनी तो हातात धरून फोटो काढून घेतला. मग बाईंना दिला. तिनं मात्र तिथंच आपली सँडल काढली आणि आमची चप्पल घातली. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती उभी होती, डावा पाय थोडा वर करून बघत होती. मग चालली. माईक जवळच होता. सगळ्या मैदानाला ऐकू गेलं, करकर, करकर.

लोक हसले. चेअरमनचा चेहरा उतरला. मालक पायांकडे बघत उभे. ती थांबली, वळली, आणि मुद्दाम पाय आपटत पुन्हा चालली. ती स्वतःच हसत होती. साहेबही हसले. झालं, साहेब हसले म्हटल्यावर चेअरमन लगेच माईकवर, "ही आमच्या कोल्हापूरची खासियत आहे!"

परत जाताना ती त्याच चपलांवर दोरीजवळून गेली. माझ्यापासून चार हातांवर. आवाज आधी आला, मग ती आली. ती थांबून चेअरमनना म्हणाली, "ये किसने बनाया? मेरा नाप किसने दिया? इतना सही तो कोई नहीं बनाता।"

चेअरमननी मालकांना खांद्याला धरून पुढं केलं. तिनं पुन्हा विचारलं, "आपने बनाया?"

मालकांनी हात जोडले. एकदा माझ्याकडे बघितलं. बघितलं हे मला पक्कं माहीत आहे. आणि म्हणाले, "मीच जी."

तिनं त्यांना नमस्कार केला. गाडीत बसली. माझा हात अर्धा वर गेला होता.

मला त्या दिवशी तिचाही राग आला. लपवत नाही. तुला बंद खोल्यांतला कोरडा नळ दिसतो, मग दोरीमागच्या पन्नास बायका दिसल्या नाहीत? चप्पल पुरुषच करतो, असं तूही धरून चाललीस? नंतर वाटलं, तिच्या भोवतीही पाच नंबर पाठवणारेच असणार. तिनं तरी कुठं कुठं बघायचं? पण राग आला तो आला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात फोटो होता. साहेबांच्या हातात चप्पल, शेजारी चेअरमन, मागं मालक. बाई नव्हती. फोटो तिथंच कापला होता. डाव्या कोपऱ्यात फक्त एक पाऊल राहिलं होतं, वेणीची चप्पल घातलेलं, लाल गोंड्याचं. खाली नावं साहेबांची आणि चेअरमनची. मी ते पाऊल कापून डब्यात ठेवलं. आम्ही दोघी त्या एवढ्याशा कागदात आहोत.

त्यानंतर दिल्लीचं कुणी आलं नाही. इकडच्या पाहुण्यांसाठी बाईंचे जोड केले, पण विंचू घातला नाही. मालकांनी रापी वरच्या फळीवर ठेवायला सुरुवात केली. आता त्यांचे हात थरथरतात, रापी पुन्हा खाली आली आहे, आणि गेली चार वर्षं ह्या घरातला प्रत्येक तळ मी कापते. चप्पल लाईनीतल्या दुकानात लोक अजून विचारतात, बापूंच्या हातची आहे ना?

चेअरमन गेल्या आठवड्यात येऊन गेले त्या दुपारी मी मालकांना विचारलं. बावीस वर्षांनी. "त्या बाईनं इचारलं तवा तुम्ही मीच का म्हणालासा?"

ते आंब्याची फोड खात होते. "कवा?"

"मैदानात. करकर वाजली तवा."

"असंल. मला न्हाय आठवत." दुसरी फोड उचलत म्हणाले, "त्यात काय एवढं? तू काय आन् मी काय."

मी वेणी खाली ठेवली. एवढी वर्षं मी जे पोटात घेऊन बसले ते ह्यांना आठवतसुद्धा नाही. तू काय आन् मी काय! मग दोरीच्या मागं तुम्ही का नव्हता? जेवणाची पहिली पंगत तुमची का होती? हे मी बोलले नाही. पण त्या दिवशी भाकरी थापताना सून आत आली आणि म्हणाली, "आत्या, परात फुटंल."

माझी सून पल्लवी बी.कॉम. आहे. तिला मी डबा दाखवला. सगळे फोटो पाहून झाल्यावर तिनं ते पाऊल हातात घेतलं. सगळं ऐकून म्हणाली, "आणि तुम्ही गप बसला?"

"मग काय करायचं हुतं?"

"आता काय करणार ते सांगा."

काल चेअरमन पुन्हा आले. जोड कुठंपर्यंत आला बघायला. साहेबांचा तयार होता. बाईंचा कुठं आहे म्हणून त्यांनी मालकांना विचारलं.

"केला न्हाय," मी म्हटलं. "माप न्हाय म्हणून केला न्हाय."

"वहिनी, सांगितलं की, सात नंबर..."

"माझा हात मापाशिवाय चालत न्हाय. बाईंचे दोन्ही पाय कागदावर आखून मागवा. साहेबांचा आला तसा."

ते हसले. "दिल्लीला बाईंचा पाय मागू? मला खुळ्यात काढतील. बापू, तुम्ही तरी सांगा. तुमच्या हातचा गेल्या येळचा जोड तर मापाशिवायच..."

"त्यो त्यांच्या हातचा नव्हता," मी म्हटलं. "तळ मी काढला. माप मी काढलं. इच्चू बी मीच घातला."

ठोकण्याचा आवाज शेजारच्या घरातून येत होता. चेअरमन मालकांकडे बघत राहिले. मालक हातातल्या आरीकडे. मग त्यांनी मान हलवली.

"व्हय. तिचाच हुता."

मला बरं वाटायला पाहिजे होतं. पल्लवीचे डोळे भरले, माझे नाही. त्यांना आठवत होतं. आठवत होतं आणि गेल्या आठवड्यात आंबा खात ते नाही म्हणाले होते. एका व्हयला बावीस वर्षं लागतात आणि तो म्हणताना माणूस वर बघत नाही. ह्यावर मी काय खूश व्हायचं?

चेअरमन उठले. "बघतो इचारून," म्हणाले. माप आलं तर जोड होईल, विंचवासकट होईल. नाही आलं तर साहेब एकटेच नवी चप्पल घालून जातील, आणि विचारलं कुणी तर चेअरमननी सांगावं, बाईंचा पाय आमच्या हिशेबात नव्हता.

ते गेल्यावर पल्लवीनं माझ्या पायांकडे बघितलं. मी रबरी सपाता घालते. पन्नास वर्षं चपला करते आणि स्वतःसाठी कधी एक जोड केला नाही, हे तिनं विचारेपर्यंत माझ्या ध्यानात आलं नव्हतं. तिनं पेपर जमिनीवर पसरला. आतलं पान, कुठल्यातरी सभेचा फोटो होता, हार घातलेले सगळे पुरुष. "उभ्या राहा," म्हणाली.

मी त्यांच्यावर पाय ठेवला. तिनं पेन्सिल फिरवली. घोट्याजवळ गुदगुल्या झाल्या. सहा नंबर. डाव्या अंगठ्यात एक खाच आहे, वाद्या धरून धरून पडलेली. तीही तिनं आखली.

आज सकाळी तळ कापले. मालक बघत होते. दोन्हींत विंचू घातलाय. पुढच्या रविवारी कार्यक्रम आहे. दोरी बांधलेली असेल तर मी दोरीपर्यंत जाईन, पण जाईन ती वाजत जाईन.